२९ लढती, पराभव शून्य : खबीब नुरमागोमेदोवविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मिक्स्ड मार्शल आर्ट्स या, ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळे चालणाऱ्या, जाळीच्या पिंजऱ्यातील खेळातला रशियन मल्ल खबीब नुरमागोमेदोव अपराजित राहून निवृत्त झाला, हे नेहमी सांगितले जाते. परंतु त्याच्या निम्म्याहून अधिक लढती फारसे नाव नसलेल्या स्पर्धांत झालेल्या आहेत. मग २९–० या नोंदीला किती महत्त्व द्यावे?

उत्तर : नोंद खरी आहे, पण ती फोडून पाहिल्याशिवाय तिच्यातून फारसे काही कळत नाही. २००८ च्या सप्टेंबरमध्ये व्यावसायिक लढती सुरू केल्यापासून २०११ च्या अखेरीस यूएफसी या, लढती भरवणाऱ्या सर्वांत मोठ्या अमेरिकी संस्थेशी करार होईपर्यंत त्याने जे १६ विजय मिळवले, त्यांतील बहुतेक प्रतिस्पर्धी पुढे कोणाच्या लक्षात राहिले नाहीत. या बाबतीत आपला आक्षेप मान्य करावा लागेल. उरलेल्या १३ लढती यूएफसीतील आहेत. त्यांपैकी सात त्याने वेळ संपण्याआधीच निकाली काढल्या आणि सहा पंचांच्या गुणांवर जिंकल्या. विजेतेपदासाठीच्या लढती चारच झाल्या. २०१४ च्या एप्रिलपासून २०१६ च्या एप्रिलपर्यंतची ऐन उमेदीची दोन वर्षे गुडघ्याच्या आणि बरगडीच्या दुखापतींत गेली नसती, तर हा आकडा मोठा झाला असता. कदाचित शून्य टिकलाही नसता.

त्या १३ लढतींमध्ये एक वादग्रस्त आहे, आणि त्याच्या चाहत्यांनी ती टाळू नये. जुलै २०१२ मध्ये ब्राझीलच्या ग्लेसन टिबाउविरुद्ध खबीबला पुन्हा पुन्हा प्रयत्न करूनही त्याला एकदाही खाली पाडता आले नाही. पंचांनी तिन्ही फेऱ्या खबीबला दिल्या, पण तो निकाल उलटा लागायला हवा होता असे मानणारे जाणकार आजही आहेत. याच्या नेमके दुसऱ्या टोकाला राफाएल दोस आंजोसविरुद्धची एप्रिल २०१४ ची लढत आहे. दोस आंजोस तेव्हा ऐन भरात होता आणि अकरा महिन्यांनंतर, मार्च २०१५ मध्ये, तो खबीबच्याच हलक्या (लाइटवेट) वजनगटाचा विजेता झाला. खबीबने मात्र त्याला तीनही फेऱ्यांत असे दाबून ठेवले की कोणत्याही पंचाला त्याला एक फेरीसुद्धा देता आली नाही. माझ्या मते खबीबचा खरा दर्जा एकोणतीस या आकड्यापेक्षा या एका लढतीत अधिक स्पष्ट दिसतो.

प्रश्न : मी कुस्ती पाहत आलो आहे, पण खबीबच्या लढती पाहताना तो प्रतिस्पर्ध्याला नुसता धरून ठेवतो असे वाटते. यात कौशल्य ते कोणते?

उत्तर : आपण कुस्ती पाहत आला आहात म्हणूनच असे वाटणे स्वाभाविक आहे. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये पाठ टेकल्यावर खरे काम सुरू होते, कारण खालचा माणूस तेथूनही गळा आवळू शकतो, हात पिरगाळू शकतो किंवा उठून उभा राहू शकतो. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला पाडण्यापेक्षा त्याला पाडलेल्या अवस्थेत ठेवणे आणि ठेवता ठेवता मारणे अवघड असते. या दुसऱ्या कामात खबीबची बरोबरी करणारा मल्ल हलक्या वजनगटात त्याच्या काळात कोणी नव्हता.

त्याची पद्धत साधारण अशी असे. तो सतत पुढे चालत येई आणि प्रतिस्पर्ध्याला पिंजऱ्याच्या जाळीपर्यंत मागे रेटत नेई. मागे जायला जागा उरली नाही की तो खाली वाकून एकेरी पट (एक पाय धरून पाडण्याचा डाव) काढी. तो पट सुटला तर दोन्ही पायांच्या दुहेरी पटाकडे वळे, तोही अडला तर कमरेला कवळ घालून पायात पाय अडकवी. म्हणजे पहिला डाव फसला तरी पकड सुटत नसे, त्याच पकडीतून दुसरा डाव निघे. मे २०१३ मध्ये एबेल ट्रुहिलोविरुद्ध त्याने एका लढतीत २१ वेळा प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन यूएफसीचा विक्रम केला, तो याच चिकाटीमुळे. (त्या लढतीसाठी तो स्वतः ठरलेल्या वजनात बसला नव्हता, हेही सांगायला हवे, वजनाचा विषय पुढे येणारच आहे.)

खाली घेतल्यावरची त्याची करामत अधिक बारकाईने पाहण्यासारखी आहे. जाळीला टेकून बसलेला प्रतिस्पर्धी उठण्यासाठी आधी पाय स्वतःखाली ओढून घेतो आणि मग एक हात जमिनीवर टेकतो. खबीब या दोन्ही गोष्टी होऊ देत नसे. स्वतःच्या पायांची गुंफण घालून तो समोरच्याचे दोन्ही पाय बांधून टाकी. नंतर टेकलेल्या हाताचे मनगट त्याच्याच पाठीमागून पकडून ओढून घेई. आधाराचा हात गेला की माणूस पुन्हा कुशीवर पडतो आणि खबीबचा दुसरा हात ठोसे मारायला मोकळा राहतो. या मनगटाच्या पकडीला इंग्रजी समालोचक गमतीने दागेस्तानी बेडी म्हणतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मायकेल जॉन्सनने पहिल्या फेरीत उभ्या उभ्या खबीबला दोन-तीन जबरदस्त ठोसे लगावले होते. त्यानंतर मात्र जॉन्सन खाली गेला आणि लढतीचे पारडे पूर्ण फिरले. खबीब त्याला मारता मारता हार मानण्याचा सल्ला देत होता, कारण विजेतेपदासाठीची संधी आपल्याला मिळायला हवी, हे त्याला पटवून द्यायचे होते! तिसऱ्या फेरीत खांदा पिरगाळणाऱ्या किमुरा डावाने ती लढत संपली.

तेव्हा नुसते धरून ठेवणे हे वर्णन अपुरे आहे. आयर्लंडच्या कॉनर मॅकग्रेगरसारखा ठोसेबाज २०१८ च्या लढतीत पहिल्या फेरीत जवळजवळ पूर्ण वेळ पाय जखडलेल्या अवस्थेत राहिला, आणि दुसऱ्या फेरीत सगळे लक्ष पाय वाचवण्याकडे असताना उभ्याने आलेल्या उजव्या हाताच्या ठोशाने खाली बसला. पट येणार या भीतीने हात खाली येतात आणि डोके उघडे पडते.

प्रश्न : दागेस्तानसारख्या छोट्या प्रदेशातून इतके मल्ल कसे निघतात? खबीबच्या घडणीत वडिलांचा वाटा किती होता?

उत्तर : दागेस्तान हे कॅस्पियन समुद्राच्या काठावरचे, रशियन संघराज्यातील डोंगराळ प्रजासत्ताक आहे. तेथे तीसहून अधिक भाषा बोलल्या जातात, आणि कुस्ती मात्र सर्वांची सारखीच आहे. ऑलिम्पिकमध्ये तीन सुवर्णपदके मिळवणारा बुवाइसार साइतिएव तेथील खासाव्युर्तचा, आणि २०१६ च्या रिओ व त्यानंतरच्या टोकियो ऑलिम्पिकमधील सुवर्णविजेता अब्दुलरशीद सादुलाएवही दागेस्तानचाच. मुलगा चालू लागला की आखाड्यात जातो, अशी जेथे रीत आहे, तेथे स्पर्धा गल्लीतच सुरू होते.

खबीबचा जन्म २० सप्टेंबर १९८८ रोजी सिल्दी या डोंगरातील गावी, अवार समाजातील कुटुंबात झाला. वडील अब्दुलमनाप हे स्वतः खेळाडू आणि लष्करात सेवा केलेले प्रशिक्षक होते. त्यांनी दुमजली घराचा खालचा मजला व्यायामशाळेसाठी दिला, आणि पुढे कुटुंब मखाचकला या राजधानीच्या शहरी आले. अस्वलाच्या पिल्लाशी झटणाऱ्या नऊ वर्षांच्या खबीबची चित्रफीत जगभर पाहिली गेली आहे, पण तिला फारसे महत्त्व देऊ नये. अब्दुलमनाप यांनी ठरवलेला शिक्षणाचा क्रम तिच्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचा होता : आधी कुस्ती, पंधराव्या वर्षापासून जूडो, सतराव्या वर्षापासून कॉम्बॅट सांबो. कुस्तीने पट शिकवला. जूडोने अंगरख्याला धरून फेकायला शिकवले. ठोसे-लाथा, फेक आणि पिरगाळणे या सर्वांना परवानगी असलेल्या सांबोने ते सगळे एकत्र जोडले. २००९ आणि २०१० असे दोन वेळा तो कॉम्बॅट सांबोचा जागतिक विजेता होता. नंतर कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथील अमेरिकन किकबॉक्सिंग अकादमीत हाविएर मेंडेझ यांच्या हाताखाली, डॅनियल कॉर्मिए आणि केन वेलास्केझ यांच्यासारख्या कितीतरी जड मल्लांबरोबर त्याने सराव केला.

वडिलांना अमेरिकेचा व्हिसा मिळत नसे. त्यामुळे यूएफसीतील खबीबच्या बहुतेक लढतींत ते प्रशिक्षक म्हणून त्याच्या कोपऱ्यात उभे राहू शकले नाहीत. सप्टेंबर २०१९ मध्ये अबू धाबीला डस्टिन पॉरिएविरुद्ध लढत झाली, तेव्हा ही संधी त्यांना मिळाली. कोविडनंतरच्या गुंतागुंतीमुळे ३ जुलै २०२० रोजी मॉस्कोत त्यांचे निधन झाले.

प्रश्न : त्याच वजनगटातील टोनी फर्ग्युसनबरोबरची लढत पाच वेळा रद्द झाली, ती का? खबीब त्याला टाळत होता का?

उत्तर : टाळत होता, असे म्हणायला आधार नाही. डिसेंबर २०१५ मध्ये खबीबची बरगडी दुखावली, तर एप्रिल २०१६ मध्ये फर्ग्युसनला फुप्फुसाचा त्रास झाला. मार्च २०१७ मध्ये वजन उतरवताना खबीबची प्रकृती बिघडून त्याला रुग्णालयात न्यावे लागले. एप्रिल २०१८ मध्ये प्रसिद्धीच्या कार्यक्रमाच्या वेळी वायरीत पाय अडकून फर्ग्युसनचा गुडघा गेला, आणि एप्रिल २०२० मध्ये महासाथीतील प्रवासबंदीमुळे खबीब रशियातच अडकला.

यांतील मार्च २०१७ च्या प्रसंगासाठी मात्र खबीबला जबाबदार धरावे लागेल. हलक्या वजनगटाची मर्यादा १५५ पौंड, म्हणजे सुमारे ७०.३ किलो आहे. वजन लढतीच्या आदल्या दिवशी होते. म्हणून मल्ल शेवटच्या दिवसांत शरीरातील पाणी कमी करून मर्यादेत बसतात आणि वजन झाल्यावर ते भरून काढतात. ही पद्धत धोक्याची आहे, आणि मूळचे वजन जास्त ठेवून शेवटच्या आठवड्यात सगळे उतरवणाऱ्यासाठी तर फारच. २०१७ नंतर खबीबने आहारात बरीच सुधारणा केली, असे त्याच्या पुढील लढतींवरून दिसते.

एप्रिल २०१८ चा आठवडा तर विलक्षणच होता. फर्ग्युसनच्या जागी मॅक्स होलोवे आला, आणि त्याला वजनाच्या दिवशी डॉक्टरांनी अपात्र ठरवले. मग त्याच कार्यक्रमात दुसऱ्याशी लढणार असलेल्या अल आयाक्विंटाला एका दिवसाच्या सूचनेवर उभे केले गेले. त्याचे वजन १५५.२ पौंड भरले होते, म्हणून तो जिंकला असता तरी विजेता ठरला नसता. खबीबने पाचही फेऱ्या जिंकून रिकामे विजेतेपद मिळवले.

प्रश्न : मॅकग्रेगरला हरवल्यावर त्याने पिंजऱ्यावरून उडी मारून प्रेक्षकांत हाणामारी केली. अशा खेळाडूला आदर्श कसे म्हणावे?

उत्तर : त्या कृत्यापुरते म्हणू नये. त्याआधी मॅकग्रेगरने ब्रुकलिनमध्ये खबीब बसलेल्या बसवर हातगाडी फेकून काच फोडली होती, त्यात इतर दोन मल्ल जखमी झाले होते, आणि पुढे त्याने खबीबच्या घराण्यावर, धर्मावर आणि देशावर वाटेल ते बोलून घेतले, हे खरे. पण ६ ऑक्टोबर २०१८ रोजी लास वेगासमध्ये चौथ्या फेरीत मॅकग्रेगरने हार मानल्यानंतर त्या सगळ्याचे उत्तर देऊन झाले होते. नेवाडाच्या क्रीडा आयोगाने खबीबला नऊ महिन्यांची बंदी आणि पाच लाख डॉलर दंड केला, आणि मॅकग्रेगरला सहा महिने व पन्नास हजार डॉलर. दोन्ही शिक्षा मला योग्य वाटतात.

प्रश्न : वयाच्या ३२ व्या वर्षीच निवृत्ती का? आणि त्याचा साथीदार इस्लाम मखाचेव त्याच्यापुढे गेला आहे का?

उत्तर : २४ ऑक्टोबर २०२० रोजी अबू धाबीला जस्टिन गेथजीला दुसऱ्या फेरीत पायांच्या कात्रीत गळा आवळून हरवल्यावर त्याने तेथेच निवृत्ती जाहीर केली. वडिलांशिवाय पुन्हा लढणार नाही, असा शब्द आईला दिला होता, हे कारण त्याने सांगितले. मार्च २०२१ मध्ये विजेतेपद अधिकृतपणे रिकामे झाले.

मखाचेवबाबत आकडे त्याच्या बाजूने आहेत. खबीबने विजेतेपद तीन वेळा राखले, तर २०२२ मध्ये चार्ल्स ऑलिव्हेराला हरवून रिकामे असलेले ते पद जिंकलेल्या मखाचेवने चार वेळा राखून या वजनगटाचा विक्रम केला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये वरच्या वजनगटातही जॅक डेला मॅडालेनाला हरवून विजेतेपद घेतले. उभ्याने लढण्यात तो खबीबपेक्षा बराच सफाईदार आहे. २०२३ मध्ये अलेक्झांडर व्होल्कानोव्स्कीला त्याने लाथेने गारद केले, तसे खबीबला जमले नसते. त्याच्या नावावर एक पराभव आहे. २०१५ मध्ये अॅड्रियानो मार्टिन्सने त्याला पहिल्याच फेरीत ठोशाने पाडले होते. केवळ त्या शून्यासाठी खबीबला वरचे स्थान द्यावे, असे मला वाटत नाही. कारकीर्द म्हणून मखाचेवची मोठी, असेच मी म्हणेन. जमिनीवरचा दाब मात्र खबीबचाच अधिक होता.

प्रश्न : हा खेळ नव्याने पाहणाऱ्याने खबीबच्या कोणत्या लढती आधी पाहाव्यात?

उत्तर : मॅकग्रेगरची लढत सर्वांत शेवटी पाहावी, कारण तिच्याभोवतीच्या गोंगाटात डाव दिसत नाहीत. आधी दोस आंजोस, मग जॉन्सन आणि त्यानंतर पॉरिए अशा क्रमाने पाहावे. पॉरिएविरुद्धच्या लढतीच्या तिसऱ्या फेरीत पॉरिएने खबीबचा गळा समोरून काखेत पकडला होता, आणि काही क्षण तो शून्य खरोखर धोक्यात आला होता. खबीब घाई न करता त्यातून कसा निसटतो आणि त्याच फेरीत मागे जाऊन पॉरिएचाच गळा कसा आवळतो, एवढा भाग पुन्हा पुन्हा थांबवून पाहावा.