किडनी बदलल्यानंतरचे पहिले महिने : एवढं सांभाळा

दादा, आधी अभिनंदन! फाइलवर ‘इम्युनोसप्रेशन’ लिहिलेलं पाहून घाबरू नका. नवी किडनी शरीराला परकी वाटते आणि ते तिच्यावर हल्ला करतं. तो रोखायला गोळ्यांनी प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात.

टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) दिवसातून दोनदा दिलं असेल तर 12 तासांचं अंतर पाळा, गजर लावा. रक्तातली औषधाची लेव्हल (प्रमाण) तपासायची त्या सकाळी आधी रक्त द्या, मग गोळी. नवीन मंडळी सवयीने गोळी घेऊन लॅब गाठतात, मग आकडा उगाच वर दिसतो.

खऱ्या चुका घरच्यांच्या मायेपोटी होतात. गुळवेलाचा काढा, ‘इम्युनिटी वाढवणारी’ चूर्णं अजिबात नकोत. जे दाबायचंय तेच ती चेतवू शकतात. पपनसही नको, त्याने औषधाची लेव्हल चढू शकते. अंगदुखीवर मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आयबुप्रोफेन आणू नका, किडनीला मार बसतो.

पाणी उकळूनच प्या. 2025च्या जानेवारीत पुण्यातल्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गियां-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले तेव्हा दूषित पाण्याचीच चर्चा होती. सिंहगडावरचं मडक्यातलं दही, सारसबागेची भेळ तूर्त राहू द्या.

ताप आला तर क्रोसिन घेऊन वाट बघू नका, रात्री असला तरी हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन करा. आणि कितीही बरं वाटलं तरी गोळी स्वतःहून बंद करायची नाही. डोस कमी कधी होतो, लसी कोणत्या चालतात, ते पुढे बोलू.