पर्जन्यमापक घेताय? आधी एवढं बघा

पाऊस मोजायला सुरुवात करताय, मस्तच! पण लगेच महागडं वेदर स्टेशन मागवू नका, साधा प्लास्टिकचा पर्जन्यमापक पुष्कळ झाला.

१. जागा. नवखे लोक हमखास गॅलरीच्या कठड्याला अडकवतात आणि मग म्हणतात पाऊस कमीच दाखवतोय, अहो भिंत वाऱ्याबरोबर येणारा पाऊस अडवते ना, आणि झाडाखाली ठेवला तर पानांवरून नंतर ठिबकत राहतं ते वेगळंच. मोकळी जागा बघा, तोंड लेव्हलला ठेवा.

२. वेळ. हवामान खातं सकाळी ८:३० ला २४ तासांची नोंद घेतं, तुम्हीही तेव्हाच घ्या. पाण्याची कड काठाला वर चढलेली दिसते ती नाही, मधली खालची पातळी वाचायची. कोरडा दिवस गेला तरी ० लिहा, हे बहुतेक जण विसरतात.

आकडा सरकारी नोंदीशी जुळला नाही तर लगेच यंत्राला दोष देऊ नका. मे महिन्यातला वळीव एका पेठेला झोडपतो आणि पलीकडे नुसती धूळ, कारण तापलेली हवा वर जाऊन गार होते आणि ढग जिथं उभा राहिला तिथंच बरसतो.

रडार, सॅटेलाइट नंतर बघू. आणि गडगडाट चालू असताना गच्चीवर जायचं नाही, रीडिंग नंतर घेतलं तरी चालतं.