दाट केस वाढवताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सात महिन्यांपूर्वी केस अगदी बारीक कापले होते, आता वाढवते आहे. कानाच्या थोडे खाली आलेत, पण खाली पडायच्या ऐवजी दोन्ही बाजूंनी फुगतात. आरशात डोकं त्रिकोणी दिसतं. पार्लरमध्ये थिनिंग करून घ्या म्हणतात. करू का?

उत्तर : आत्ता नको. थिनिंगची कात्री फणीसारख्या दातांची असते. ती बटेतले काही केस मधूनच कापते आणि बाकीचे लांबच ठेवते. त्या दिवशी डोकं हलकं वाटतं, पण सहा-आठ आठवड्यांत ते आखूड केस दीड-दोन सेंमी वाढून ताठ उभे राहतात आणि वरच्या लांब केसांना आतून बाहेर ढकलतात. म्हणजे फुगवटा कमी करायला गेलात आणि तोच वाढवून घेतलात. कात्री मुळांच्या जितकी जवळ चालली असेल, तितका हा त्रास जास्त.

त्रिकोण होतो तो वेगळ्याच कारणाने. सगळे शेंडे एकाच उंचीवर संपतात, त्यामुळे सगळा भरणा तिथेच जमतो. शिवाय एवढ्या आखूड केसांना खाली ओढणारं स्वतःचं वजनही नसतं. खांद्याखाली गेले की ते आपोआप बसू लागतात. तोवर कापणाऱ्याला दोनच गोष्टी सांगा : मानेवरचे केस दर सहा ते आठ आठवड्यांनी आखूड ठेवायचे, आणि बाकी ठिकाणी फक्त शेवटचे दोन-तीन सेंमी कात्री उभी धरून टोकाटोकाने मोकळे करायचे. मानेवरचे केस सोडून दिले तर ते पुढच्यांच्या आधी लांब दिसू लागतात आणि मागे शेपटी तयार होते. वाढवणं अर्ध्यात सोडून पुन्हा सगळे कापून टाकायची वेळ बहुतेकदा या शेपटीमुळेच येते. लेअर्सचा विचार खांद्यापर्यंत आल्यावर करा, आणि तेव्हाही सर्वांत आखूड लेअर हनुवटीच्या वर जाऊ देऊ नका.

जाता जाता, ‘दाट’ आणि ‘जाड’ यांत गल्लत करू नका. एकच केस अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा. दोऱ्यासारखा स्पष्ट जाणवला तर केस जाड, जेमतेम कळला तर बारीक. बारीक पण दाट केसांना जड क्रीम लावलं की दुपारपर्यंत ते चिपचिपीत होतात. जाड केसांना मात्र तेच क्रीम हवं असतं.

प्रश्न : केस धुतले की वाळायला चार-पाच तास लागतात. सकाळी ओलेच बांधून कामाला जाते. हल्ली टाळूला खाज येते आणि वासही येतो.

उत्तर : खाजेचं कारण बहुधा तुमच्या प्रश्नातच आहे. दाट केस ओले बांधले की आतली ओल तासन्‌तास टाळूला धरून राहते, आणि कोंडा वाढवणाऱ्या बुरशीला ते सोयीचं होतं. ओला केस ताणला जातो आणि सहज तुटतो, हे नुकसान वेगळंच. शक्य असेल तर केस संध्याकाळी धुवा.

धुताना शाम्पू थोड्या पाण्यात पातळ करा. भांग पाडत पाडत, बोटांच्या टोकांनी तो टाळूपर्यंत पोचवा. वरवर ओतलेला शाम्पू दाट केसांत वरच फेसाळतो आणि टाळू तशीच राहते. कंडिशनर अर्ध्या लांबीपासून शेंड्यांकडे लावा आणि तो केसांत असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने शेंड्यांकडून वर गुंता सोडवा. मुळांपासून सुरुवात केली तर सगळ्या छोट्या गाठी खाली सरकून एकच मोठी गाठ होते.

मग टॉवेलने न चोळता जुन्या सुती टी-शर्टात केस दाबून पाणी टिपा. कपाळापासून मानेपर्यंत एक आणि कानापासून कानापर्यंत दुसरी रेघ पाडून चार भाग करा, वरचे दोन चापात अडकवा. आधी मानेजवळचे वाळवायचे. ड्रायर साधारण 15 सेंमी लांब, मध्यम गरम, सतत हलता, आणि झोत मुळांकडून शेंड्यांकडे. केसावरचे खवले त्याच दिशेने बसलेले असतात. उलटा झोत दिला की ते उभे राहतात आणि केस पिंजारतात.

वाळले की नाही, हे वरून हात फिरवून कळत नाही. डोक्याच्या मागच्या उंचवट्याखाली बोटं मुळांपर्यंत घाला. तिथे गार लागलं तर अजून ओल आहे. अशा केसांवर सरळ करायची इस्त्री तर मुळीच नको : केसातल्या पाण्याची आतल्या आत वाफ होते, पोकळ फुगे धरतात आणि केस तिथेच तुटतो.

नीट वाळवूनही तीन-चार आठवड्यांत खाज थांबली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : कपाळावरचे केस डोळ्यांत येतात आणि काळ्या पिना तासाभरात घसरतात.

उत्तर : पिन बहुधा उलटी लागते आहे. तिची नागमोडी बाजू टाळूकडे हवी, सपाट बाजू वर. केसांची बट दोन पीळ देऊन बाजूला घ्या. पिन आधी बटेच्या ओढीच्या उलट दिशेने टोचा, टाळूजवळचे दोन-चार केस पकडा आणि मग ती पलटवून बटेत सरकवा. दुसरी पिन पहिलीवर फुलीसारखी लावा. तरीही घसरली तर बट फार जाड घेतली आहे, तिच्या दोन करा.

प्रश्न : पोनी बांधली की डोकं दुखतं. सैल बांधली तर सुटते.

उत्तर : सगळा भार एका रबरावर टाकू नका. कानांच्या वरचे केस घेऊन एक पोनी बांधा, उरलेल्या केसांची तिच्या बरोबर खाली दुसरी. वरची सोडली की खालची झाकली जाते, एकच दिसते आणि ओढ दोन जागी वाटली जाते. साध्या रबराऐवजी कापडी किंवा पिळाचं रबर वापरा, आणि पोनीची जागा रोज बदला. कपाळाच्या कडेला बारीक पुळ्या किंवा विरळपणा दिसला तर ओढीचं बांधणं लगेच बंद करा. वर्षानुवर्षं ओढ बसली की तिथले केस कायमचे जाऊ शकतात.

प्रश्न : दर महिन्याला शेंडे कापले तर केस लवकर वाढतात ना?

उत्तर : नाही. केस मुळातून वाढतो, शेंड्याला काय झालं याची त्याला खबर नसते. वाढ महिन्याला साधारण 1 ते 1.25 सेंमी. दर महिन्याला 1 सेंमी कापलंत तर वर्षभर जवळजवळ तिथेच राहाल. तीन महिन्यांनी एकदा, जेमतेम 1 सेंमी कापा. तेवढ्यात दुभंगलेली टोकं निघतात आणि दोन-अडीच सेंमी पदरात पडतात.