बाबांचा मॉनिटर भंगारात देऊ नकोस

तो १७ इंची चौकोनी एलसीडी अजून कितीतरी वर्षं कामाला येईल. आधी त्याच्या पाठीमागचं पोर्ट, म्हणजे वायर जोडायची जागा, बघ. निळं आणि तीन ओळींत १५ छिद्रांचं असेल, तर ते व्हीजीए, चित्र पाठवायचं जुनं पोर्ट, १९८७ साली आलेलं. तुझ्या नव्या कॉम्प्युटरला फक्त एचडीएमआय, म्हणजे नव्या प्रकारचं पोर्ट, आहे. एचडीएमआयमधून डिजिटल सिग्नल निघतो, व्हीजीएला अ‍ॅनालॉग लागतो; म्हणून मधे रूपांतर करणारी चिप हवीच. आत चिप नसलेल्या साध्या वायरने काही दिसणार नाही, कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नकोस.

सिल्व्हर मॉलमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलास की ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ कन्व्हर्टर असंच स्पष्ट सांग. उलट्या दिशेचाही मिळतो, दिसायला जवळजवळ तसाच. मी एकदा तो घेऊन आलो आणि दोन संध्याकाळी मॉनिटरच बिघडला असं धरून बसलो होतो. घरी येण्याआधी पाकिटावरचं वाच.

‘आउट ऑफ रेंज’ असं आलं तर घाबरू नकोस. कॉम्प्युटर मॉनिटरला न झेपणारं रिझोल्यूशन (चित्रातल्या ठिपक्यांचं माप) पाठवतोय, एवढंच. विंडोजच्या स्टार्टअप सेटिंग्जमधून कमी रिझोल्यूशनवर सुरू कर आणि १२८० × १०२४, ६० हर्ट्झ ठेव. या मापाच्या बहुतेक एलसीडींना तेच शोभतं; दुसऱ्या मापावर अक्षरं पसरट दिसतात. तरी धूसर वाटलं तर मॉनिटरवरचं ऑटो बटण दाब.

आणि हो, व्हीजीएमधून आवाज येत नाही. स्पीकर कॉम्प्युटरलाच लाव.