मुंबई-गोवा महामार्ग टाळून समुद्राकाठाने गाडीने जायचं असेल, तर कोणता टप्पा सर्वात सुंदर?

एकच दिवस असेल तर श्रीवर्धन ते दिवेआगर, आरावी-शेखाडी मार्गे. इथे रस्ता खरोखर समुद्राला खेटून जातो. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे काळे खडक आणि त्यावर फुटणाऱ्या लाटा. अंतर थोडंच आहे, पण घाई करू नका. शेखाडीच्या आसपास गाडी नीट कडेला लावून उतराच.

दोन-तीन दिवस हाताशी असतील तर सुरुवात रत्नागिरीहून करा आणि उत्तरेकडे या. असं आलात की समुद्र डाव्या हाताला राहतो, म्हणजे आपल्याच लेनच्या बाजूला, आणि थांबायला रस्ता ओलांडावा लागत नाही. रत्नागिरी-गणपतीपुळे वाटेवर आरे-वारेचा चढ लागतो. वरून दोन्ही किनारे एकत्र दिसतात. माझ्या मते अख्ख्या कोकणात गाडीच्या काचेतून दिसणारं याहून देखणं दृश्य नाही.

पुढे खाड्या आडव्या येतात, तिथे गाडीसकट फेरीबोट: जयगड-तवसाळ, मग गुहागरनंतर धोपावे-दाभोळ, दापोली-केळशी करत वेश्वी-बागमांडला. तिथून हरिहरेश्वर जवळच. शेवटची फेरी किती वाजता सुटते ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा. ती चुकली तर खाडीला वळसा घालताना संध्याकाळ जाते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसात हिरवळ अप्रतिम असते, पण दरडी आणि धुकं असतं, म्हणून अंधारात हे रस्ते नकोत. आणि कृपा करून गाडी वाळूत उतरवू नका. भरती आली की चाकं रुततात, शिवाय काही किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात.