साहेबांना दोन कोटी आणि माझी ग्रॅच्युइटी अर्धवट. दाद कुठे मागू?

प्रश्न : अंबड (नाशिक) येथील एका पब्लिक लिमिटेड कंपनीत २८ वर्षे फिटर होतो. मे २०२४ अखेर निवृत्त झालो. शेवटचा बेसिक आणि डीए मिळून २६,००० रुपये होता. ग्रॅच्युइटीपोटी दीड लाख दिले. बाकीचे 'पैसे आले की देऊ' म्हणतात. आता आमच्या एमडींनी (व्यवस्थापकीय संचालकांनी) मुदत संपायला दोन वर्षे असताना राजीनामा दिला आणि संचालक मंडळाने त्यांना दोन कोटी रुपये 'भरपाई' मंजूर केली. माझ्याकडे कंपनीचे २०० शेअर आहेत. हे थांबवता येईल का?

उत्तर : तुमचा संताप रास्त आहे. पण आधी तुमच्या पैशांचे बघू, कारण तो तुमचा हक्क आहे आणि त्यासाठी एमडींशी भांडायची गरज नाही.

महिन्याचे कामाचे दिवस २६ धरून, दर वर्षाच्या नोकरीमागे १५ दिवसांचा पगार मिळतो : २६,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले २८ वर्षे म्हणजे ४ लाख २० हजार. दीड लाख वजा जाता २ लाख ७० हजार येणे आहे. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यावी लागते. उशीर झाला तर १० टक्के सरळ व्याज, म्हणजे तुमच्या बाबतीत वर्षाला २७,००० रुपये. आता कामगार संहिता आल्या असल्या तरी तुमची निवृत्ती २०२४ ची, त्यामुळे तुमचा हक्क १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याखालचाच. कंपनीकडे फॉर्म 'आय' (ग्रॅच्युइटी मागणीचा अर्ज) भरून दिला नसेल तर आजच द्या आणि पोच घ्या. मग नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे ग्रॅच्युइटीच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, फॉर्म 'एन' (तक्रार अर्ज). त्याची ९० दिवसांची मुदत उलटली असणार, पण सबळ कारण दिल्यास उशीर माफ होतो. 'देऊ, देऊ' म्हणून कंपनीने झुलवत ठेवले, हे कारण पत्रांसकट लिहा. आदेशानंतरही पैसे दिले नाहीत तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. 'कंपनीकडे पैसे नाहीत' हा बचाव तिथे चालत नाही, आणि दोन कोटींचा ठराव झालेल्या कंपनीच्या तोंडी तर तो शोभतही नाही.

आता ते दोन कोटी. कंपनी कायदा २०१३ चे कलम २०२ वाचा. मुदतीआधी पद गेलेल्या एमडीला भरपाई देता येते. तिची कमाल मर्यादा उरलेली मुदत किंवा तीन वर्षे, यातील जे कमी असेल तितक्या काळाचा पगार, तोही आधीच्या तीन वर्षांच्या सरासरीने. मात्र कंपनीची पुनर्रचना किंवा विलीनीकरण नसताना एमडीने स्वतःहून राजीनामा दिला असेल, तर ही भरपाई देताच येत नाही. मर्यादेत बसवून नाही की थोडी कमी करून नाही. तुमचे सगळे प्रकरण या एका मुद्द्यावर उभे आहे.

म्हणून कागद हातात घ्या. संचालक पद सोडतो तेव्हा कंपनी निबंधकाकडे (कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) डीआयआर-१२ हा फॉर्म भरते. थोडी फी भरून तो एमसीए (केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालय) पोर्टलवर पाहता येतो. पद सोडण्याचे कारण आणि सोबतचे राजीनामापत्र बघा. एमडीचा सेवाकरार नोंदणीकृत कार्यालयात ठेवावा लागतो आणि कलम १९० प्रमाणे कोणत्याही भागधारकाला तो विनाशुल्क पाहता येतो. तुमचे २०० शेअर इथे उपयोगी पडतील. मंडळ उद्या हीच रक्कम 'सल्लागार शुल्क' म्हणून दाखवू शकते, कारण वेगळ्या नात्याने केलेल्या कामाचा मोबदला कायद्याला चालतो. मग काम कोणते, कधी केले, हे लेखी विचारा. त्यांचा पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार याला मात्र हरकत घेऊ नका. ते त्यांनी कमावलेले आहे.

पहिले पाऊल म्हणजे कलम २०२ चा हवाला देऊन मंडळाला पत्र, प्रत निबंधकाला. एनसीएलटीच्या (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या) मुंबई खंडपीठाकडे कलम २४१ खाली, म्हणजे कंपनीच्या गैरकारभाराची तक्रार घेऊन, जायचे तर एकट्याने सहसा जमत नाही. शंभर सभासद किंवा एकूण सभासदांचा दहावा हिस्सा, यांतील कमी असेल तेवढे लोक लागतात, नाहीतर दहा टक्के भागभांडवल. शेअर असलेले जुने सहकारी गाठा, आणि पैसे खात्यातून जायच्या आत हे करा.

हे न्याय्य आहे का, हा तुमच्या पत्रातला न विचारलेला प्रश्न. माझे मत स्पष्ट आहे : नाही. कंपनीने बँकेचे देणे थकवले असेल आणि नफा पुरेसा नसेल, तर एमडीला मर्यादेबाहेर पगार देण्याआधी बँकेची संमती घ्यावी लागते. थकलेल्या ग्रॅच्युइटीसाठी मात्र कामगारांना कुणी विचारत नाही. वरच्या माणसाची भरपाई त्याच्याच फुगलेल्या पगाराच्या पटीत मोजली जाते, आणि तुमच्यासारख्याची कायदेशीर ग्रॅच्युइटी कितीही वर्षे राबले तरी २० लाखांवर थांबते. कामगारांची देणी चुकती झाल्याशिवाय संचालकाला अशी रक्कम देऊ नये, एवढी एक ओळ कायद्यात यायला हवी.

एक सावधगिरी. उरलेली रक्कम कमी करून 'फुल अँड फायनल' व्हाउचरवर सही मागतील. करू नका. दीड लाख घेताना आधीच केली असेल, तरी घाबरू नका : ग्रॅच्युइटीचा कायदा अशा कराराच्या वरचा आहे. त्या व्हाउचरची प्रत फॉर्म 'एन'ला जोडा.