सगळीकडे ‘अ‍ॅग्री’ केलं तर किती मार्क?

प्रश्न : ताई, मी इंदूरला बी.एस्सी. नर्सिंगच्या सेकंड इयरला आहे, घर रामबागेत. मागच्या आठवड्यात क्लासमध्ये ‘ड्रीम’ नावाचा 50 प्रश्नांचा इंग्लिश फॉर्म वाटला, कॉलेजचं वातावरण तुम्हाला कसं वाटतं म्हणे. नाव लिहायचं नव्हतं तरी सगळ्या घाबरल्या, मागून कोणीतरी म्हणालं सगळीकडे अ‍ॅग्री टाका आणि चला कँटीनला, मी पण तेच केलं. आता मनाला लागलंय, कारण त्याच सकाळी वॉर्डात बीपीचा कफ चुकीचा बांधला म्हणून मॅडमनी पेशंटसमोर इतकं सुनावलं की ते आजोबाच म्हणाले, ‘जाने दो बेटा.’ अशा फॉर्मने काही होतं का?

उत्तर : अगं, आधी हिशोब करू. हा फॉर्म 1997 चा, स्कॉटलंडमधल्या डंडीचा, डॉक्टरकी-नर्सिंग शिकणाऱ्यांसाठीच बनवलेला. प्रत्येक प्रश्नाला 0 ते 4, अ‍ॅग्रीला 3, एकूण 200. पण त्यात 9 वाक्यं उलटी, म्हणजे कॉलेजची वाईट बाजू सांगणारी आहेत, तिथे अ‍ॅग्री म्हटलं की 3 नाही, 1 मिळतो. म्हणजे तुझे 41 गुणिले 3, म्हणजे 123, अधिक 9, झाले 132. आणि 101 ते 150 चा अर्थ काय, तर वाईटापेक्षा चांगलं जास्त! न वाचता कॉलेज पास केलंत तुम्ही.

आता गंमत बघ, ‘शिक्षक विद्यार्थ्यांची टर उडवतात’ हे त्या 9 मधलंच एक, म्हणजे तक्रार तू केलीसच, नकळत. प्रश्नाची सरासरी 2 किंवा त्याखाली गेली की तिथे लक्ष घालायचं असतं. पण टेन्शन आलेल्या मुलींना आधार मिळतो, यालाही तू अ‍ॅग्रीच म्हणालीस ना? नुसती टोटल बघणाऱ्याला यातलं काहीच दिसणार नाही, आणि एकेक प्रश्न बघणाऱ्याला कळेल की पोरींनी वाचलंच नाहीये.

मला विचारशील तर फॉर्म चांगला आहे, कारण तो बिल्डिंग नाही बघत, तुला तिथे काय वाटतं ते विचारतो, लॅब कितीही नवी असो, शंका विचारायला तोंड उघडत नसेल तर काय उपयोग. बाकी घरी मराठी, वॉर्डात हिंदी, पुस्तक आणि फॉर्म इंग्लिश, ही तारांबळ आपल्या इंदूरच्या पोरींचीच! पुढच्या वेळी भरायच्या आधी विचारून घ्या, हे कोण बघणार आणि रिझल्ट आम्हाला सांगणार का.

तुझ्या एकटीचा प्रसंग मात्र सरासरीत हरवणारच, तो क्लास कोऑर्डिनेटरला वेगळा सांग, एक मैत्रीण सोबत ने. आणि कफची खालची कड कोपराच्या घडीच्या 2-3 सेंमी वर, बाणाची खूण आतल्या धमनीवर. बाबांच्या हातावर बांधून बघ दोन-चारदा.